मांस म्हणावं की देह?

दोन वर्षांपूर्वी वसईत एका लग्नाला गेले होते. मैत्रीण कॅथलिक, लग्न चर्चमध्ये, मिस्सा मराठीत. वाचनात तो भाग आलाच, जो ख्रिस्ती लग्नांत बहुतेकदा येतो: माणूस आईवडिलांना सोडून बायकोशी जडून राहतो आणि दोघं मिळून एकच देह होतात. पुढच्या बाकावरच्या दोन मावश्यांनी पदरानं डोळे टिपले. मलाही ते आवडलं. देहाबद्दल इतक्या मोकळेपणानं, इतक्या मायेनं देवळात बोललेलं मी फारसं ऐकलं नव्हतं.

काही महिन्यांनी त्याच मैत्रिणीच्या मामेबहिणीचा मेसेज आला. वय सतरा. ही मुलगी नाचते, आणि फार छान नाचते. ती तरुणांच्या एका शिबिराला जाऊन आली होती. तिथे पौलाच्या पत्रांवर प्रवचन झालं. त्याचा सारांश तिच्या शब्दांत असा: देह हा आत्म्याचा वैरी, देहाची कामं म्हणजे पापं, म्हणून देह झाकायचा, दाबायचा, त्याचं काही ऐकायचं नाही. घरी आल्यावर तिनं फोनमधले नाचाचे सगळे व्हिडिओ काढून टाकले होते. आणि मग विचारलं होतं, "ताई, तू वाचतेस म्हणून विचारते. लग्नात देह चांगला आणि शिबिरात वाईट, असं कसं?"

मी ख्रिस्ती नाही आणि धर्मशास्त्राची अभ्यासक तर नाहीच. पण प्रश्न भाषेचा होता, म्हणून शोधायला बसले. पहिल्याच तासात कळलं की तिनं नेमक्या जागी बोट ठेवलं होतं. मत्तयच्या शुभवर्तमानात येशू लग्नाबद्दल बोलतो तिथे आणि पौल पापाबद्दल लिहितो तिथे, दोन्हीकडे मूळ ग्रीक शब्द एकच आहे. सार्क्स.

पुढचा लेख म्हणजे त्या मेसेजला दिलेलं, जरा लांबलेलं उत्तर.

हाडावरचं मऊ

'सार्क्स' हा शब्द धार्मिक नव्हता. हाडावर जे मऊ असतं आणि कातडीखाली जे असतं, ते सार्क्स. म्हणजे आपलं साधं मांस. या शब्दाची दोन पोरं आजही आपल्या ओळखीची आहेत. 'सार्कोफॅगस', म्हणजे दगडी शवपेटी. शब्दाचा अर्थ 'मांस खाणारी'. आणि 'सार्कॅझम', म्हणजे टोचून बोलणं; मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ कुत्र्यासारखे मांसाचे लचके तोडणं. हा दुसरा अर्थ लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

ग्रीकमध्ये शरीराला वेगळा शब्द आहे: सोमा. (आपल्या वेदांतल्या सोमाशी त्याचा काही संबंध नाही.) प्लेटोच्या लिखाणात 'सोमा' आणि 'सेमा' अशी कोटी येते. सेमा म्हणजे थडगं. शरीर हे आत्म्याचं थडगं, अशी ती कल्पना. आत्मा शुद्ध, शरीर तुरुंग, हा विचार ग्रीक जगात चांगलाच रुजलेला होता. शिबिरातलं प्रवचन ऐकून मला आधी हाच प्लेटो आठवला होता.

पण नव्या करारातला सार्क्स नुसता ग्रीक नाही. तो हिब्रूतून ग्रीकमध्ये आलेला आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात ज्यूंच्या धर्मग्रंथांचं ग्रीक भाषांतर सुरू झालं. त्याला 'सेप्टुअजिंट' म्हणतात. हिब्रूत 'बासार' असा एक शब्द आहे. भाषांतरकारांनी, विशेषतः माणसाबद्दल बोलणं असेल तिथे, त्यासाठी बहुतेकदा 'सार्क्स' वापरला. ताटातल्या मांसाला ग्रीकमध्ये 'क्रेआस' हा निराळा शब्द होता. भाषांतर होताना ग्रीक शब्दाच्या पोटात एक अख्खं हिब्रू जग शिरलं.

त्या जगात आत्मा विरुद्ध शरीर असं भांडण नव्हतं. बासार म्हणजे सगळा माणूस, पण एका बाजूनं पाहिलेला: थकणारा, आजारी पडणारा, मरणारा. यशयाच्या ग्रंथात सगळ्या मांसाची तुलना गवताशी केली आहे, वारा लागला की सुकणाऱ्या. त्यात तिरस्कार नाही, हळहळ आहे. जलप्रलयाच्या कथेत 'सर्व मांस' म्हणजे सगळे जीव, माणसं आणि जनावरं मिळून. आदाम हव्वेला पाहून म्हणतो की ही माझ्या हाडाचं हाड आणि मांसाचं मांस. तिथे बासार म्हणजे नातं. आणि योएलच्या ग्रंथात देव आपला आत्मा ओततो तो सगळ्या मांसावरच. मांस हे आत्म्याचं वैरी असतं, तर आत्मा त्याच्यावर ओतला कशाला असता?

आपल्या भाषेत या अर्थाच्या अगदी जवळ जाणारा एक वाक्प्रचार आहे. कुणाला फार कामाला लावलं, फार दुखवलं की आपण म्हणतो, "अरे, तीपण हाडामांसाचीच आहे." यात ती पापी आहे असं आपल्याला म्हणायचं नसतं. ती थकते, तिला लागतं, तिला जपा, एवढंच म्हणायचं असतं. बासार म्हणजे नेमकं हे. आणि त्या ग्रीक पुस्तकातला सार्क्सही पुष्कळ ठिकाणी हाच आहे. अटकेच्या रात्री बागेत येशू शिष्यांना जागं राहायला सांगतो आणि ते पुन्हापुन्हा झोपी जातात. तेव्हा तो म्हणतो, आत्मा तयार आहे पण सार्क्स दुबळा. हे वाक्य पुढे वासनेबद्दल इतक्यांदा वापरलं गेलं आहे की मूळ प्रसंग आपण विसरतो. मूळ प्रसंगात त्या बिचाऱ्यांना फक्त झोप आली होती.

योहान: शब्दाला मांस फुटतं

योहानाच्या शुभवर्तमानाची सुरुवात फार उंचावरून होते. प्रारंभी 'लोगोस' होता, तो देवाजवळ होता, त्याच्याकडूनच सगळं झालं. लोगोस म्हणजे शब्द, पण बुद्धी, तत्त्व, विश्वाची रचना असंही बरंच काही. त्या काळचा तत्त्वज्ञान वाचलेला ग्रीक माणूस इथपर्यंत मान डोलावत आला असता. आणि चौदाव्या वचनात योहान सांगतो की हा लोगोस सार्क्स झाला.

त्यानं सोमा हा सभ्य शब्द घेतला नाही. 'माणूस झाला' असंही म्हटलं नाही. मांस झाला, म्हणाला. उच्च तत्त्वाच्या शेजारी त्यानं मुद्दाम हा ओला, मरणारा शब्द ठेवला. सगळी खळबळ त्या शेजारात आहे. आणि क्रियापदही पाहण्यासारखं आहे. लोगोसनं मांस पांघरलं नाही, तो मांसात उतरला नाही. तो मांस झाला.

इथे मराठी वाचकाची एक गंमत होते. आपल्या प्रचलित मराठी बायबलमध्ये या जागी 'देही' हा शब्द आहे. कानाला सुंदर लागतो. पण 'देही' म्हटलं की आपल्याला गीतेचा दुसरा अध्याय आठवतो. तिथे देही म्हणजे देह धारण करणारा, देहाहून वेगळा असणारा. देह म्हणजे वस्त्र. जुनं झालं की टाकायचं, नवं घालायचं. योहानाला सांगायचंय ते बरोबर उलट. त्याच्या वाक्यात आत कुणी वेगळा राहतच नाही. 'देही' या शब्दानं अनुवाद गोड झाला, पण ज्या गोष्टीनं पहिले वाचक दचकले असतील ती गोष्ट आपल्या ओळखीच्या घरात जाऊन शांत बसली.

आणि पहिले वाचक दचकलेच होते. 'येशूला खरं मांस नव्हतंच, तो नुसता भास होता' असं म्हणणारे लोक फार लवकर निघाले. पुढे त्यांच्या मताला डोसेटिझम असं नाव पडलं. योहानाच्या नावावरच्या पहिल्या पत्रात कसोटीच दिलेली आहे: येशू सार्क्समध्ये आला हे जो मान्य करतो तो देवाकडचा. इसवी सन २०० च्या आसपास कार्थेजच्या टर्टुलियननं तर ख्रिस्ताच्या मांसावर एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्यात तो गर्भाशय, रक्त, नाळ, बाळंतपण यांबद्दल मुद्दाम सविस्तर बोलतो. प्रतिपक्षाला किळस यावी आणि मग त्याला विचारावं, की ज्याची तुला लाज वाटते त्यावरच देवानं प्रेम केलं, आता बोल. म्हणजे सुरुवातीच्या काळात पाखंडी ठरले ते देहाची लाज वाटणारे लोक. त्या शिबिरात हे कुणी सांगितलं असतं तर!

याच शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू आपलं मांस खायला सांगतो. बाकीच्या तीन शुभवर्तमानांत शेवटच्या भोजनाच्या वेळी भाकरीबद्दल बोलताना 'सोमा' आहे, योहानाकडे 'सार्क्स'. खाण्याचं क्रियापदही मध्येच बदलतं आणि अधिक रांगडं येतं, चावून चावून खाण्याचं. ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळ जण तिथून निघून जातात. आणि थोड्याच ओळींनंतर तोच येशू म्हणतो की सार्क्सचा काही उपयोग नाही, जिवंत करतो तो आत्मा. एकाच अध्यायात मांस हे जीवनही आहे आणि निरुपयोगीही. योहान हे भांडण सोडवत नाही. पण दुसऱ्या जागी तो ज्याला निरुपयोगी म्हणतोय ते येशूचं शरीर नसावं; फक्त माणसाच्या मापानं पाहणं, हा योसेफाचाच तर मुलगा आहे, याच्या आईबापांना आम्ही ओळखतो, असं म्हणणं, ते निरुपयोगी. काही ओळी आधी लोक हेच म्हणत असतात.

पौल: पंधरा कामांची यादी

आता शिबिरातल्या पत्राकडे. नव्या करारात सार्क्स सुमारे दीडशे वेळा येतो आणि त्यातला निम्म्याहून अधिक वाटा पौलाच्या नावावरच्या पत्रांत आहे. शब्दाला वाईट अर्थ आला तो मुख्यतः त्याच्यामुळे, हे खरं. पण कोणता वाईट अर्थ?

गलतीकरांना लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात 'सार्क्सच्या कामां'ची यादी आहे. प्रवचनांचं हे आवडतं ठिकाण. त्या मुलीला मी एकच काम सांगितलं: यादी मोज.

जुन्या हस्तलिखितांवर आधारलेल्या ग्रीक पाठात पंधरा कामं आहेत. पहिली तीन लैंगिक वागण्याशी संबंधित. पुढची दोन मूर्तिपूजा आणि चेटूक. शेवटची दोन दारूबाजी आणि धिंगाणा. आणि मध्ये आठ. कोणती? वैर, भांडण, ईर्ष्या, रागाचे झटके, स्वार्थी चढाओढ, फूट, तट पाडणं, मत्सर. पंधरांतली आठ, म्हणजे निम्म्याहून जास्त कामं, करायला शरीर फारसं लागतही नाही. व्हॉट्सॲप ग्रुप पुरतो.

आपल्याकडे काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर हे सहा शत्रू आपण मनाचे मानतो, देहाचे नाही. पौलाच्या मधल्या आठांतले निम्मे तरी या षड्रिपूंचे सख्खे भाऊ आहेत. पण 'षड्रिपू' म्हटलं की आपण स्वतःच्या मनात डोकावतो आणि 'देहाची कामं' म्हटलं की दुसऱ्याच्या, बहुतेकदा दुसरीच्या, कपड्यांकडे पाहतो. शब्द बदलला की नजर बदलते ती अशी.

यादीच्या किंचित आधी पौल एक इशारा देतो: तुम्ही एकमेकांना चावत, खात राहिलात तर एकमेकांना संपवाल. इथे तो सार्कॅझमचा मूळ अर्थ आठवतो, लचके तोडण्याचा. मांसाच्या हिशेबानं चालणारी वस्ती एकमेकांचं मांस खाते. पौलाचं लक्ष एका मुलीच्या आरशावर नाही, एका फुटत चाललेल्या वस्तीवर आहे.

ती फुटत का होती? हा सगळ्या पत्राचा विषय आहे. गलतिया हा आजच्या तुर्कस्तानातला भाग. तिथले नवे ख्रिस्ती ज्यू नव्हते. काही उपदेशक येऊन त्यांना सांगत होते की पूर्ण आत यायचं तर सुंता करून घ्या. सुंता म्हणजे शब्दशः सार्क्सवर केलेली खूण. पौल चिडून विचारतो, आत्म्यानं सुरुवात केलीत आणि शेवट मांसानं करणार का? आणि पत्राच्या शेवटी म्हणतो की या लोकांना तुमच्या मांसाच्या जिवावर मिरवायचं आहे. म्हणजे या पत्रात 'सार्क्स'ची पहिली मोठी तक्रार चैनीबद्दल नाहीच. ती एका पवित्र मानलेल्या विधीच्या जोरावर आत कोण आणि बाहेर कोण हे ठरवण्याबद्दल आहे.

हे आणखी स्पष्ट दिसतं ते फिलिप्पैकरांच्या पत्रात. पौल म्हणतो, सार्क्सवर भरवसा ठेवायचा म्हटलं तर माझ्याइतका कुणाकडे आहे? आणि मग मोजून दाखवतो: आठव्या दिवशी सुंता झालेला, इस्राएल वंशाचा, बन्यामीन कुळातला, इब्र्यांमधला इब्री, पंथानं परूशी, धर्मनिष्ठा अशी की मंडळीचा छळ केला, नियम पाळण्यात निर्दोष. ही यादी पुन्हा वाचा. हिच्यात वासना नाही, दारू नाही, नाच नाही. जन्म आहे, कूळ आहे, संस्कार आहेत, शुद्धता आहे. एका धार्मिक, चारित्र्यवान, वरच्या घरातल्या माणसाचा हा बायोडेटा आहे. आणि त्याच्यावर पौल शब्द लिहितो: सार्क्स. पुढच्याच वाक्यांत तो हे सगळं केरात काढतो, आणि केरासाठी त्यानं वापरलेला ग्रीक शब्द बराच घाण आहे.

मराठी वाचकाला यावर वेगळी टीप द्यायची गरज नाही. कुळाची यादी आपल्याला वाचता येते. लग्नाच्या जाहिरातीत आपण ती रोज वाचतो. गोव्यातल्या कॅथलिकांत बामण, चार्डो, सुदीर ही नावं बाप्तिस्म्यानंतरही शिल्लक राहिली, आणि दलित ख्रिश्चनांना देशभरात अनेक ठिकाणी वेगळे बाक आणि वेगळ्या दफनभूमी सोसाव्या लागल्या, हा इतिहास नोंदलेला आहे. पौलाच्या अर्थानं मांसाची कामं शोधायचीच असतील, तर चर्चनं तिथून सुरुवात करायला हरकत नव्हती. सतरा वर्षांच्या मुलीच्या नाचापासून सुरुवात करणं सोपं पडतं, एवढंच.

'मध्ये' आणि 'प्रमाणे'

मग देहाचं काय? जर्मन अभ्यासक रुडॉल्फ बुल्टमान यांनी विसाव्या शतकात पौलाच्या दोन शब्दप्रयोगांतला फरक ठळकपणे दाखवला. 'एन सार्की', म्हणजे मांसामध्ये. आणि 'काता सार्का', म्हणजे मांसाप्रमाणे, मांसाच्या हिशेबानं. मांसामध्ये तर आपण सगळेच जगतो, त्यात दोष नाही. दोष मांसाप्रमाणे जगण्यात, म्हणजे जे नाशवंत आहे त्यालाच शेवटचा आधार मानण्यात. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल हे दोन्ही प्रयोग एकाच वाक्यात वापरतो: आम्ही मांसात चालतो, पण लढतो ते मांसाप्रमाणे नाही.

शरीरासाठी पौल साधारणपणे 'सोमा'च वापरतो, आणि त्याबद्दल तो चांगलं बोलतो. सोमा हे पवित्र आत्म्याचं मंदिर आहे, सोमा पुन्हा उठेल. मांस आणि रक्त मात्र देवाच्या राज्याचे वारस होणार नाहीत, असं म्हणतो. कलस्सैकरांचं पत्र पौलाचं स्वतःचं की त्याच्या शिष्याचं यावर वाद आहे, पण त्यातली एक जागा मला सगळ्यांत बोलकी वाटते. तिथे टीका अशा लोकांवर आहे जे उपास करतात, व्रतं करतात, शरीराला कष्टवतात आणि दृष्टान्तांच्या गोष्टी सांगतात. त्यांच्याबद्दल लेखक म्हणतो की ते आपल्या 'सार्क्सच्या मना'मुळे फुगले आहेत. म्हणजे शरीर दाबणं हेच इथे मांसाचं काम ठरलं. शिबिरातलं प्रवचन या ओळीवर कधी येत असेल का?

इतकं झाल्यावर पौलाला निर्दोष सोडून द्यायचा मोह होतो. तो टाळायला हवा. रोमकरांच्या पत्रात सातव्या-आठव्या अध्यायात सार्क्स जवळजवळ एखाद्या परक्या सत्तेसारखा माणसाच्या अवयवांत ठाण मांडून बसतो. करायचं असतं एक आणि होतं भलतंच. आणि एका जागी तो सोमाच्याच कामांना मारायला सांगतो, त्याची स्वतःची वाटणीही पक्की राहत नाही. लग्नापेक्षा त्याला एकटं राहणं बरं वाटतं, हे तो लपवत नाही. देहाची भीती नंतरच्यांनी पूर्णपणे बाहेरून आणली, असं म्हणणं म्हणजे वकिली झाली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्यू अभ्यासक डॅनियल बोयारिन यांनी १९९४ च्या 'अ रॅडिकल ज्यू' या पुस्तकात पौलाला सहानुभूतीनं वाचूनच विचारलं आहे की सगळ्यांना एक करण्याच्या ओढीत, मांसावरच्या खुणेला खालचं ठरवताना, ज्या लोकांची ओळखच त्या खुणेत, वंशात, देहात आहे, त्यांचं काय होतं? पुढच्या शतकांत ख्रिस्ती लेखकांनी ज्यूंना 'मांसाचा इस्राएल' म्हणून हिणवलं आणि त्या हिणवण्याचे परिणाम युरोपनं पाहिले. माझं म्हणणं असं की पौलानं ती यादी काढली ती स्वतःच्या अंगावरून, स्वतःच्या कुळाबद्दल. तेच शब्द दुसऱ्याच्या कुळाबद्दल काढले की अर्थ पालटतो. कुळाच्या अहंकाराविरुद्ध वापरलेला शब्द बलवानाच्या तोंडी गेला की तोच कुळाचा अपमान होतो.

मिलानची बाग

मग सार्क्स म्हणजे वासना, हे समीकरण इतकं घट्ट कधी झालं? एकाच माणसावर खापर फोडणं बरोबर नाही, पण एक बाग महत्त्वाची आहे. इसवी सन ३८६, मिलान. ऑगस्टिन रडत असतो, 'घे, वाच' असा लहान मुलासारखा आवाज ऐकतो आणि पौलाचं रोमकरांना पत्र उघडतो. जी ओळ समोर येते तिच्या शेवटी मांसाच्या इच्छांची सोय करू नका, असं आहे. ऑगस्टिनची लढाई तेव्हा लैंगिक इच्छेशी होती, म्हणून त्यानं ती ओळ तशी वाचली. त्याच ओळीत भांडण आणि मत्सरही आहेत, पण ते त्या दिवशी त्याच्या कामाचे नव्हते. पुढे त्याचं आत्मकथन पश्चिमेत पिढ्यान्‌पिढ्या वाचलं गेलं आणि त्याचं वाचन सगळ्यांचं झालं.

गंमत अशी की म्हातारपणी त्यानंच हे दुरुस्त केलं. 'देवाचं नगर' या ग्रंथाच्या चौदाव्या भागात तो गलतीकरांची हीच यादी घेतो आणि दाखवतो की यातली बरीच पापं मनाची आहेत. सैतानाला तर मांसच नाही, तरी गर्व आणि मत्सर त्याच्याकडे सर्वांत जास्त, हा त्याचा दाखला. पण त्याच भागात पुढे तो लैंगिक अवयव इच्छेचं ऐकत नाहीत यावर पानंच्या पानं लिहितो, आणि लोकांच्या लक्षात राहिलं ते हे दुसरं.

मग अनुवाद कसा करायचा?

इंग्रजीत हा खेळ आपल्या डोळ्यांसमोर झाला. १९७८ साली पूर्ण प्रसिद्ध झालेल्या 'न्यू इंटरनॅशनल व्हर्जन'नं पौलाच्या पत्रांत अनेक जागी सार्क्सचं भाषांतर 'पापी स्वभाव' असं केलं. वाचकाला सोपं पडलं, पण अनुवादानं अर्थ लावूनच दिला. २०११ च्या आवृत्तीत बहुतेक ठिकाणी त्यांनी माघार घेतली आणि पुन्हा 'मांस' हा जुनाच शब्द आणला.

मराठीत आपल्या प्रचलित अनुवादात साधारणपणे सोमासाठी 'शरीर' आणि सार्क्ससाठी 'देह' दिसतो, काही ठिकाणी 'देहस्वभाव'. अनुवादकांनी फरक जपायचा प्रयत्न केला आहे, हे मान्य करायला हवं. पण मराठी कानाला देह आणि शरीर हे एकच. फरक कागदावर राहतो, ऐकू येत नाही. त्यात आपल्याकडे देह नश्वर आणि आत्मा अमर ही शिकवण आधीच मुरलेली. त्यामुळे पौलाचा शब्द मराठीत आला की आपसूक प्लेटोच्या आणि आपल्या वैराग्याच्या रांगेत जाऊन उभा राहतो.

या टप्प्यावर पंडिता रमाबाई आठवतात. त्यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचा मराठी अनुवाद केला. संस्कृतच्या इतक्या मोठ्या विदुषीनं तो करताना जड संस्कृत शब्द टाळले, कारण वाचणाऱ्या केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायका होत्या, दुष्काळातून आलेल्या, नुकत्या अक्षरं शिकलेल्या. शब्द कुणाच्या कानावर पडणार आहे, हा प्रश्न त्यांनी व्याकरणाच्या बरोबरीनं महत्त्वाचा मानला. सार्क्सच्या बाबतीत मला तोच प्रश्न विचारावासा वाटतो.

माझं मत सांगते. योहानाच्या वाक्यात 'हाडामांसाचा' हा शब्द यावा. शब्द हाडामांसाचा झाला, असं म्हटलं की मराठी माणसाला नेमकं कळतं: त्याला भूक लागणार, तो दमणार, त्याला मारलं तर लागणार. आणि पौलाच्या पत्रांतही 'मांस'च ठेवावं. खडबडीत वाटेल, चालेल. 'मांसाची कामं' असं वाचल्यावर वाचक अडखळतो, हे काय म्हणून थांबतो आणि यादी वाचतो. 'देहाची कामं' वाचल्यावर थांबतच नाही, कारण अर्थ आपल्याला आधीच माहीत आहे असं वाटतं. शिवाय लग्नातल्या, योहानाच्या आणि पौलाच्या जागी एकच शब्द राहिला, तर वाचकाला निदान दिसेल की इथे एकच शब्द तीन तऱ्हेनं वागतो आहे. तो प्रश्न लपवण्यापेक्षा उघडा राहिलेला बरा. एका सतरा वर्षांच्या मुलीला तो दिसला, तर बाकीच्यांना का दिसू नये?

तिला मी शेवटी एवढंच लिहिलं: लग्नात म्हणतात ते मांस म्हणजे नातं. योहान म्हणतो ते मांस म्हणजे मरण पत्करलेलं माणूसपण. पौल रागावतो ते मांस म्हणजे, बहुतेक वेळा, 'मी कोण आहे माहीत आहे का' असं म्हणणारा माणूस. तुझे पाय यांपैकी कशात बसतात ते तूच ठरव.

दोन दिवस उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी फक्त एक प्रश्न आला. "ताई, डिलीट केलेले व्हिडिओ किती दिवस परत मिळतात?"

बहुतेक फोनमध्ये तीस दिवस, असं मी कळवलं.